दसऱ्याचं ग्रीस

मास्तर मेलेल्या बेअरिंगचा पंचनामा करायचे. मिलमधलं एखादं बेअरिंग गेलं की आम्ही घाईघाईनं नवं बसवायचो, मशीन सुरू करायचो आणि जुनं भंगाराच्या पोत्यात टाकायला निघायचो. मास्तर ते मधेच काढून घ्यायचे. ग्राइंडरनं बाहेरची कडी कापायचे, सगळं डिझेलमध्ये धुवायचे, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर कड्या, छर्रे आणि जाळी वेगवेगळी मांडायचे. मग शिफ्टमधल्या सगळ्यांना भोवती उकिडवं बसवून विचारायचे, "सांगा, कोणं मारलं?" कोणीतरी हमखास म्हणायचं, "जुनं झालं होतं मास्तर, मेलं." त्यावर मास्तर मान हलवायचे. "बेरिंग मरत नाई बाप्पा, मारल्या जाते."

आणि खरोखर मारणारा सापडायचा. कडीवर सारख्या अंतरानं खळगे दिसले तर बसवताना हातोडा पडलेला. एकाच बाजूला झीज असली तर पट्टा जास्त ताणलेला. तपकिरी डाग म्हणजे पाणी गेलेलं, निळसर झाक म्हणजे तापून मेलेलं. ज्याचा हात लागलेला असेल त्यानं सगळ्यांसमोर "मी मारलं" म्हणायचं, एवढीच शिक्षा होती. ना दंड, ना सेठकडे तक्रार. पण ते दोन शब्द म्हणताना चांगले दांडगे गडी घामाघूम झालेले मी पाहिले आहेत.

मास्तर कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. आठवीपर्यंत शिकलेले, आरमोरीजवळच्या एका खेड्यातले. मूल गावातल्या त्या राइस मिलमध्ये ते तीस वर्षं फिटर होते आणि या पंचनाम्यांमुळंच त्यांना ते नाव पडलं होतं. मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील वीज केंद्रात, घरात सगळ्यांच्या बोलण्यात टर्बाइन आणि शिफ्ट. चंद्रपूरला डिप्लोमा केला. मिलच्या सेठनं तेव्हा उकड्या तांदळाचा नवा प्लांट टाकला होता आणि बॉयलर आला म्हणून त्याला कागदावर एक इंजिनिअर हवा होता. मी मिळाले. बावीस वर्षांची होते. मिलमध्ये पंचवीस-तीस पुरुष आणि मी. सगळे मला मॅडम म्हणायचे, आणि म्हणताना ओठाच्या कोपऱ्यात थोडं हसायचे. मास्तर बाई म्हणायचे आणि हसायचे नाहीत.

मास्तर जाऊन आता दोन वर्षं होतील. बातमी आली तेव्हा मी स्टोअरमध्ये माल मोजत होते. फोन ठेवला आणि पुढचे खोके मोजायला लागले. मोजणी बरोबर आली. मला काहीतरी व्हायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कॅटलॉगमधलं गणित ऐकवलं होतं. इतका भार, इतके फेरे, म्हणून या बेअरिंगचं आयुष्य इतके हजार तास. फार आत्मविश्वासानं सांगितलं. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे तोंड घातलं नाही. मग विचारलं, "हे आयुष्य कोणाच्या मिलमधलं हाय बाई? तिथी कोंडा उडते का?" मी म्हटलं, कॅटलॉगमध्ये मिल नसते. "मंग बरं हाय," ते म्हणाले, "तिथलं बेरिंग सुखी हाय." बाजूला देवराव म्हणून एक जुना हमाल-कम-हेल्पर उभा होता, तो खो खो हसला. मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो गप्प झाला. त्यानंतर मास्तरांनी मला माझंच गणित पुन्हा मांडायला लावलं, धूळ आणि उष्णता धरून, आणि मी मांडलेलं आपल्या वहीत उतरवून घेतलं.

बेअरिंग निवडताना ते चार प्रश्न विचारायचे: वजन किती, पळणं किती, गरमी किती, धूळ किती. सोयरीक जुळवणारी माणसं कशी खोदून खोदून विचारतात, तसं. "पोरगी चांगली हाय म्हणून कोणत्याबी घरात देता का? घर पाहा ना." धान साफ करायच्या चाळणीला एक जात, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरला दुसरी, आणि ड्रायरच्या ब्लोअरला तिसरीच. हा ब्लोअर म्हणजे मोठा पंखा. भट्टीची गरम हवा ओढून ओल्या, उकडलेल्या धानात सोडतो. त्याचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, तापतो, तापला की फुगतो, म्हणून तिथलं बेअरिंग आतून जरा ढिलं घ्यावं लागतं. खोक्यावर त्याची वेगळी खूण असते. ती खूण नसलेलं बेअरिंग सेठनं एकदा नागपूरहून आणलं, फुकट जाऊ नये म्हणून तेच बसवा म्हणाला. मास्तरांनी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. "याले थंड घर भेटलं का देऊ," म्हणाले. दोन महिन्यांनी दिलंही, पाण्याच्या पंपाला.

नकली माल ते लांबून ओळखायचे. छपाई, कडीवरचा आकडा, तेलाचा वास, सगळं पाहायचे. पण बसवायची वेळ येईपर्यंत आतला कागद मात्र कोणाला फाडू द्यायचे नाहीत. सकाळी उघडून दुपारी बसवायचं, हे त्यांना चालत नसे. बसवायच्या आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, बाळंतिणीच्या खोलीत जाताना धुतात तसे. बेअरिंग तेलात घालून हळूहळू तापवायचे आणि चिमट्यानं उचलून शाफ्टवर सरकवायचे. ते आपोआप जागेवर जाऊन बसायचं. गॅसच्या ज्योतीवर तापवणाऱ्याला ते "सोनार" म्हणायचे. त्यांच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी ती.

सीझन संपून मिल बंद असली तरी दर सोमवारी मास्तर प्रत्येक मशीनचा शाफ्ट हातानं पाव फेरा फिरवून यायचे. मी विचारलं, बंद मशीनला काय होतं? म्हणाले, "एका कुशीवर पडून राह्यलं तर माणसाले बी जखमा होते." नंतर मी पुस्तकात पाहिलं. एकाच जागी टेकून राहिलेल्या छर्ऱ्यांचे बारीक खळगे पडतात, हे तिथं दोन पानं लिहिलेलं होतं. मास्तरांचं एक वाक्य पुरलं असतं.

त्यांचा एक नियम मात्र धमकीसारखा होता. गार्ड, म्हणजे पट्ट्यावरचं जाळीचं झाकण, काढलं तर मशीन बंद. मशीन चालू असली तर गार्ड बंद. "चालत्या मशीनले हात नाई." हे ते इतक्या वेळा म्हणायचे की हमाल त्यांची नक्कल करायचे. घराला, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या डब्याला, ते उलट्या हाताचा स्पर्श करून तापमान पाहायचे, पण तेही जाळीबाहेरून बोट पोचेल तिथंच. तीस वर्षांत त्यांच्या शिफ्टमध्ये कोणाला साधा ओरखडा आला नव्हता. सेठ पाहुण्यांना हे सांगायचा.

आता दसरा सांगते.

मिलमधली बहुतेक माणसं शेतकऱ्यांची. पोळ्याला बैल धुवायचे, सजवायचे, पोटभर खाऊ घालायचं, हे त्यांच्या हाडात आहे. दसऱ्याला मशीनची पूजा असते. तेव्हा ही माणसं मशीनचा पोळा करायची. सर्व्हिसिंगवाल्याचा पंप आणून पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं मशीन न्हाऊ घालायची, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. आणि मग ग्रीसगन घेऊन प्रत्येक बेअरिंगला ग्रीसचं जेवण. कडेनं बाहेर ओघळेपर्यंत भरायचं. ओघळलं नाही तर म्हणे मशीन उपाशी राहिली. आजूबाजूच्या सगळ्या मिलमध्ये हेच चालायचं आणि दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की सगळीकडं बेअरिंगं पटापट जायची. लोक म्हणायचे, नजर लागली.

मास्तरांनी आमच्या मिलमध्ये हे बंद पाडलं होतं. बेअरिंगच्या घरात ग्रीस एक तृतीयांश. बाकी जागा मोकळी हवी, नाहीतर छर्रे ग्रीस घुसळत बसतात आणि त्यानंच तापतात. हे हमालांना पटायचं नाही. मास्तर म्हणायचे, "बैल रवंथ करते रे. बेरिंगले रवंथ येत नाई." दसऱ्याच्या दिवशी ते कोरड्या फडक्यानं मशीन पुसायला लावायचे आणि ग्रीस भरायच्या प्रत्येक तोटीला, म्हणजे निपलला, लाल चिंधी बांधायचे. "याचा आज उपास हाय." उपास म्हटल्यावर लोक ऐकायचे.

माझ्या पहिल्या वर्षी नेमक्या दसऱ्याला मास्तरांच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, गडचिरोलीला. पाच दिवस ते नव्हते. जाताना त्यांनी ग्रीसगनच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "बाई, पाणी मारू देऊ नका. अन् गन बाहेर काढू देऊ नका. लई मागे लागतीन."

ते मागे लागलेच. पण रागानं लागले असते तर मी नक्की नाही म्हणाले असते. ते प्रेमानं लागले. देवराव म्हणाला, "मॅडम, सालातून एक दिवस. मशीन उपाशी ठेवता का? तुमीच पहिलं ग्रीस मारा ना, तुमच्या हातानं." सगळे भोवती उभे होते. कोणीतरी मला आपट्याची पानं दिली. तोपर्यंत चार महिने मी त्या मिलमध्ये एकटीनं डबा खाल्ला होता. मी किल्ली काढली. पाण्याचा पंप आला, मशीन धुतल्या. मग गन माझ्या हातात दिली आणि ड्रायरच्या ब्लोअरपुढं मला उभं केलं, कारण ती सगळ्यात मोठी. मी दांडा मारत गेले, ते मोजत गेले. कडेनं ग्रीस ओघळलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, आणि त्याचीच मला लाज वाटते.

मास्तर आले, दिवाळी झाली, नवं धान आलं. पहिला लॉट ड्रायरमध्ये भरला. सकाळी आठला ब्लोअर सुरू झाला आणि साडेनऊला बेअरिंगचं घर इतकं तापलं की मास्तरांनी उलटा हात टेकवून लगेच मागे घेतला. आवाजही जाड झाला होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. बेअरिंग ग्रीस संपलं तरी तापतं आणि ग्रीस जास्त झालं तरी तापतं. बाहेरून ताप सारखाच. पहिल्यात ग्रीस द्यायचं, दुसऱ्यात घराच्या तळाची डाट, म्हणजे गार्डच्या आतलं बूच, उघडून जास्तीचं काढायचं. उलट उपाय केला तर बेअरिंग जातं. आणि ब्लोअर उगाच बंदही करता येत नव्हता. आत ओलं, उकडलेलं धान होतं, हवा थांबली की तासाभरात आंबून वास मारायला लागलं असतं. सेठचा पहिला लॉट होता.

म्हणून मास्तरांनी विचारलं. सगळे तिथंच उभे होते, देवराव, दोन ऑपरेटर, तीन-चार हमाल. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, दसऱ्याले याले ग्रीस देल्लं का कोणं?"

मी म्हणाले, "नाही. किल्ली माझ्याकडेच होती."

किती सहज म्हणाले. सगळे खाली पाहत होते, कारण सगळेच त्यात होते. मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "बरं," म्हणाले. "मंग सुकं पडलं असन." गन मागवली आणि दोन पंप ग्रीस दिलं, दोनच. मग हात पुसत म्हणाले, "जा रे, चहा पिऊन या सगळे. बाई, तुमी बी जा. मी हाय इथी."

आम्ही चहाला गेलो. दहा मिनिटंही झाली नसतील. आधी एक कर्कश्श घरघर आली, मग धाडकन आवाज, आणि मग ब्लोअर थांबला. धावत गेलो तर पट्टा निखळून पडलेला, गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि मास्तर खाली बसलेले, उजवा हात डाव्या हातात धरून. त्या हाताची दोन बोटं गेली होती. बेअरिंग अडकलं, शाफ्ट उसळला, पट्ट्यानं हात ओढला. हे सगळं दिसत होतं. पण मास्तरांनी चालत्या मशीनचं गार्ड काढून आत हात का घातला, ते कोणालाच कळलं नाही.

चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. मी जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते. ते मला म्हणाले, "धान काढून पसरायले सांगा, आंबन ते." मी फोन करून सांगितलं. रडायला येत नव्हतं. वाटेतले मैलाचे दगड मी वाचत होते, तेवढंच आठवतं.

सेठ वाईट माणूस नव्हता. उपचाराला त्यानं हात आखडला नाही. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तीस साल का मिस्त्री, और चालू मशीन में हाथ?" ते वाक्य मूलभर फिरलं. ज्या माणसानं आयुष्यभर एकच नियम घोकून घेतला त्यानंच तो मोडला, याची लोकांना गंमत वाटली. चहाच्या टपरीवर नकला व्हायच्या. मास्तरांनी कधी कोणाला काही सांगितलं नाही.

दीड महिन्यानं ते मिलमध्ये आले, हाताला पट्टी. ते बेअरिंग कोणी टाकलं नव्हतं. टाकायची कोणाची हिंमतच झाली नव्हती. देवरावनं ते आणून समोर ठेवलं. वर्तमानपत्र पसरलं. आम्ही सगळे उकिडवे बसलो. मला ठाऊक होतं, ते कापलं की आत काय निघेल: पाण्यानं दुधाळ झालेलं, गच्च भरलेलं, जळून काळं पडलेलं ग्रीस. शाळकरी पोरालाही कळलं असतं. मी तयार होते. खरंच तयार होते का, हे आता सांगता येत नाही.

मास्तरांनी ते डाव्या हातानं उचललं, वजन करावं तसं थोडा वेळ धरलं आणि न कापता भंगाराच्या पोत्यात टाकलं. "याचा पंचनामा नाई. शेवटचं ग्रीस मीच देल्लं होतं. चला, कामाले लागा." सगळे उठले. मीही उठले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणी फक्त तेवढंच वाटलं, आणि त्यानंतर बराच काळ काहीच वाटलं नाही.

सेठनं त्यांना गेटवर बसवलं. चाव्या, गाड्यांचे नंबर. तीन बोटांच्या हातानं ते पेन अंगठ्यात अडकवून लिहायचे. होळीपर्यंत बसले, मग एक दिवस आपला डबा आणि छत्री घेऊन गावी गेले. जाताना माझ्या टेबलावर त्यांची वही ठेवून गेले, माझं गणित उतरवून घेतलेली ती. "कामाची हाय," एवढंच म्हणाले. मी थँक्यू म्हणाले. इंग्रजीत.

त्यानंतर मिलमध्ये मला मॅडम म्हणताना कोणी हसलं नाही. देवराव माझ्यासाठी खुर्ची पुसायचा. एक गुपित सगळ्यांनी मिळून सांभाळलं की माणसं जवळ येतात, तशी आली. दसऱ्याचं पाणी आणि ग्रीस मी कायमचं बंद केलं. कोणी हूं की चूं केलं नाही. मेन्टेनन्स माझ्या हाती आलं. बेअरिंगं मी मास्तरांसारखीच निवडते, तशीच तापवते, बंद सीझनमध्ये सोमवारी शाफ्ट फिरवून येते. आमच्या मिलमध्ये बेअरिंगं टिकतात म्हणून आरमोरीपर्यंतच्या मिलवाले मला बोलावतात. पंचनामा मात्र मी कधी केला नाही. माझं लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले. प्रत्येक वेळी मी जे करायला हवं ते केलं. लोक म्हणतात, बाई खंबीर आहे. मला वाटतं, जीपमध्ये मैलाचे दगड वाचत होते तिथंच मी कुठंतरी बसून आहे.

तीन वर्षांपूर्वी एका नव्या फिटरनं एलिव्हेटरच्या बेअरिंगला ग्रीस कोंबलं. मी विचारलं तर म्हणाला, "मी नाही दिलं मॅडम." निपलच्या तोंडाशी ताजं ग्रीस होतं, त्यावर धूळही बसली नव्हती. मी त्याला चार माणसांसमोर खोटारडा म्हटलं. तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही, पुन्हा कधीच आला नाही. आणि तेव्हा, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं. मला जर एका नजरेत दिसलं, तर मास्तरांना दिसलं नसेल?

पुढच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेले. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि मास्तर पायानं त्यात रेघा ओढत फिरत होते. खूप वाळले होते. मला पाहून त्यांनी बायकोला हाक मारली, "अवं, आमच्या मिलच्या बाई आल्या." बाज टाकली, पाणी दिलं. कुठलं बेअरिंग कुठं चालतंय, सगळं विचारलं. मी उत्तरं देत राहिले. मग मधेच मी म्हणाले, "मास्तर, त्या दसऱ्याला ब्लोअरला ग्रीस मी मारलं होतं. माझ्या हातानं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

"माहीत हाय," ते म्हणाले.

"खोलल्यावर कळलं?"

"खोललंच नाई ना मी. तवाच समजलं. निपल ओलं होतं. अन् पोरायचे तोंडं पाह्यले."

"मग तुम्ही वरून ग्रीस का दिलं?"

त्यांनी पायाशी आलेलं धान हातानं मागे सारलं.

"पोरं उभे होते ना तिथी," ते म्हणाले. "तसेबी हासत होते तुमाले. त्या दिवशी त्यायच्यासमोर खोट्या पडल्या असत्या, तर आठ दिवस राह्यल्या नसत्या तुमी मिलमध्ये. मंग म्हटलं, तुमचा शब्द राहू देऊ. दोन पंप मारतो दाखवायपुरते, यायले चहाले पाठवतो, अन् मांगून हळूच खालची डाट खोलून सगळं काढून घेतो. कोणाले काई समजणार नाई. मशीन बंद केली असती तर सगळेच्या सगळे वापस धावत आले असते ना. म्हणून चालतीतच हात घातला."

इतकी वर्षं त्यांचा हात तिथं काय करत होता, ते मला असं कळलं. आतून बायकोनं चहा आणला. मी कप घेतला. बशीत थोडा सांडला, तो मी पदरानं पुसला.

मी म्हणाले, "मास्तर, तुमची बोटं गेली."

"तेवढं नोतं ठरवलं मी," मास्तर म्हणाले, आणि हसले.

मी हसले नाही, रडलेही नाही. पाचची बस होती. ते फाट्यापर्यंत सोडायला आले, आणि बस येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.